पऱ्हाटीच्या काडीवरचं सफरचंद

शेषरावांचं तोंड शेवटी चार माणसांनी मिळून उघडलं, हे आधीच सांगून टाकतो. एकाने डोकं धरलं, दोघांनी हनुवटी ओढली, आणि चौथा कोमट तेलाची वाटी हातात घेऊन नुसताच "जोर लावा, जोर लावा!" म्हणत उभा होता.

आता हे विसरून जा. तसं काही झालंच नाही! धामणगाव बढ्याला जाऊन त्यांच्या घरी विचारलंत, तर शेषराव त्या दिवशी शेतात होते, घरात कसलंही फळ आलेलं नव्हतं, आणि निवृत्ती नावाचा मुलगा आपल्याला आहे की काय, हे त्यांना आठवून सांगावं लागेल. त्यामुळे आपणही काही झालं नाही असं समजूनच पुढे जाऊ.

तर हा निवृत्ती. शेषरावांचा थोरला, खामगावच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून. साल बासष्ट. नवं राज्य झालेलं, सगळीकडे उद्घाटनं चाललेली, आणि खामगावात भरलेल्या प्रदर्शनात मुंबईच्या एका माणसाने काडीला सफरचंद टोचून, ते लालभडक साखरेच्या पाकात बुडवून, वाळवून विकायला ठेवलेलं. टॉफी ॲपल! निवृत्तीने ते खाल्लं आणि त्याच्या डोक्यात कापसाच्या गंजीला ठिणगी लागावी तसा विचार पेटला.

कारण मंगळवारी कोकिळाला बघायला पाहुणे येणार होते.

कोकिळा त्याची धाकटी बहीण. मुलगा देविदास, नांदुऱ्याला मास्तर. खामगावच्या एका लग्नात पंगतीत वाढायला होता आणि कोकिळाच्या पानात त्याने न मागता दोनदा वरण वाढलं होतं. मुलींच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट असते, हे निवृत्तीला माहीत नव्हतं. कोकिळाला माहीत होतं. देवीला तिने नवसही बोलून ठेवला होता.

"पोहे!" निवृत्ती घरी सगळ्यांना उभं करून म्हणाला. "महाराष्ट्र राज्य झालं, अन् आपुन अजून पाव्हन्याईले पोहेच देऊन राह्यलो! पोहे खाऊन पाव्हना पुढच्या घरी जाते. पोरगी इसरून जाते. मी असं काई करून दाखवतो, का नातवाईले सांगतीन!"

"पोह्यात काय वाईट हाय?" रुखमाबाई म्हणाल्या. त्या त्याच्या आई. त्यांच्या हातच्या पोह्यांवर पंचक्रोशीत तीन लग्नं जमली होती.

"भाऊ," कोकिळा शांतपणे म्हणाली, "हे स्थळ गेलं तं मी तुह्याच घरी राहीन. जलमभर. ध्यानात ठेव."

निवृत्ती हसला. 

सोमवारी तो खामगावच्या बाजारातून टोपलंभर सफरचंदं घेऊन, वर फडकं बांधून, एस.टी.त चढला. आणि इथे त्याची पहिली चूक झाली. चूक म्हणजे काय, तर तो आपल्याच मुलखाची एक गोष्ट आनंदाच्या भरात विसरला.

आमच्याकडे तेव्हा सफरचंद हे फळ नव्हतं. ते औषध होतं. जांब, म्हणजे पेरू, झाडाला लागायचे, बोरं बांधावर लागायची, आणि सफरचंद माणूस अंथरुणाला लागला म्हणजे लागायचं. साधा ताप असेल तर मोसंबी. मुदतीचा ताप असेल तर एक सफरचंद, फोडी करून, सगळ्यांनी बघत बसायचं आणि आजाऱ्याने खायचं. धडधाकट माणसाने सफरचंद खाल्ल्याची नोंद त्या भागात नव्हती.

मोताळ्याला गाडी बदलली तेव्हा त्याच्या शेजारी सोजराबाई येऊन बसली. सोजराबाई धामणगावचीच. तिच्या कानावर गेलेली गोष्ट गावात पोचवायला दवंडीवाल्याला वेगळा पगार द्यावा लागत नसे. तिने बसल्या बसल्या फडक्याचं टोक उचललं.

"अगं माय! सफरचंदं!"

कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर तसाच राहिला.

"कोन पडलं बाबू घरी?"

"कोनी नाई पडलं, मावशी."

"मंग हे?"

"खायाले."

"खायाले तं हायेच. पन कोनाले?"

"सगळ्याईले!"

सोजराबाईने छातीवर हात ठेवला. "सगळेच पडले?"

"अहो मावशी, कोनी बिमार नाई! हे साखरेत बुडवाचे हायेत. लाल पाकात. काडीले टोचून!"

गाडीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "पोट्ट्याच्या डोक्यावर परिनाम झाला. घरचं दुःख हाय, होते असं." कंडक्टरने घंटी मारली, तीसुद्धा देवळातल्यासारखी, एकच, सावकाश.

निवृत्ती घरी पोचला तेव्हा बातमी घरी पोचून पाणी पिऊन बसली होती!

अंगणात बायामाणसं जमलेली. शेजारच्या नूरबी काढ्याचं भगुनं घेऊन आलेल्या. कोणी मुगाची पेज आणलेली, कोणी अंगारा. रुखमाबाई दारात उभ्या राहून सांगत होत्या की बाई, आमच्याकडे कोणीच आजारी नाही. ते जितक्या जोरात सांगत होत्या, तितक्या जोरात लोक माना हलवत होते.

"बेटा," नूरबी निवृत्तीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "बिमारी छुपवली का वाढते. डागदरले दाखवलं का?"

"कोनाले दाखवू, नूरबी? कोनी असन तं दाखवू ना!"

"या अल्ला. इतका बिघडला मामला!"

आता आजाऱ्याला बघायला आलेल्या माणसाला चहाशिवाय परत पाठवणं म्हणजे आपल्याकडे आजारापेक्षा वाईट. रुखमाबाईंनी चुलीवर आधण ठेवलं ते उतरवलंच नाही. निवृत्तीने पाकासाठी आणून ठेवलेली साखर त्याच्या डोळ्यांदेखत, चमच्या चमच्याने, गावाच्या पोटात चालली होती. त्याला साखरेची चिंता करावी की बहिणीची, हे ठरवता येईना, म्हणून तो दोन्हीची आळीपाळीने करत होता.

तेवढ्यात तो प्रश्न आला. सोजराबाईनेच विचारला.

"सगळे दिसून राह्यले. कोकिळा नाई दिसली."

कोकिळा माजघरात उद्याचं लुगडं घड्या घालून बघत होती. उद्या बघायला येणार म्हणून तिला बाहेर येऊ दिलं नव्हतं. पण हे सांगूनही आता कोणाला पटणार?

"पोट्टीचं काई... छातीचं तं नाई ना?" मागून कोणीतरी कुजबुजलं. "एवढे सफरचंदं क्षयालेच देतेत."

मध्यस्थ पुंजाजी उद्या पाहुण्यांना याच अंगणातून आत आणणार होता. लग्नाच्या मुलीला क्षय, एवढं एकच वाक्य नांदुऱ्यापर्यंत गेलं असतं तर कोकिळाच काय, तिच्या पुढच्या पिढीतल्या पोरींचीही लग्नं जमली नसती.

रुखमाबाईंनी त्याला आणि शेषरावांना मागच्या दारी नेलं.

"आता कोनालेतरी बिमार पाडल्याबिगर हे लोक जात नाईत," त्या म्हणाल्या. "पोरगी बिमार म्हनलं तं लगन मोडते. मी बिमार म्हनलं तं उद्या सयपाक कोन करन? निवृत्ती बिमार म्हनलं तं त्याच्या नोकरीवर येते." मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

शेषराव हे वाड्याच्या खांबासारखं माणूस. बैल अडला तर बैलाला सोडून स्वतः जुवाला लागणारे. त्यांना उभ्या आयुष्यात शिंकही एकटी आली नव्हती, आली तर शेजारची कोंबडी उडवत यायची.

"मी काऊन?" ते ओरडले. "मले काई झालं नाई!"

"म्हनूनच तं! बिमार मानसाले आनखीन कायले बिमार कराचं?"

शेषरावांना ओसरीवरच्या बाजेवर आडवं करून गळ्यापर्यंत घोंगडी पांघरली. "बाबाईले जरासा ताप हाय," निवृत्तीने जाहीर केलं, आणि अंगणातून समाधानाचा असा सुस्कारा निघाला, की पावसाच्या पहिल्या सरीलाही इतका निघत नसेल. शेवटी खरं बोलला! लोकांनी शेषरावांना आलटून पालटून पेज पाजली, अंगारा लावला, आणि जाताना प्रत्येकजण म्हणाला, "आता भाकर देऊ नका बरं." सोजराबाई तर पहाऱ्याला तिथेच बसली.

भाकर नाही! शेषरावांचे डोळे घोंगडीवरून छपराकडे लागले ते खरोखरच आजाऱ्यासारखे दिसू लागले.

मंगळवारी सकाळी निवृत्ती चुलीपाशी बसला. साखरेच्या डब्यात मुंगीलाही एकटं वाटलं असतं, इतकी साखर उरली होती. मग त्याने गूळ घेतला. साखर काय, गूळ काय, दोन्ही उसाचीच लेकरं! त्यात पाडव्याच्या साखरेच्या गाठ्यांना लावतात तो लाल रंग फकीर मोहम्मद हलवायाकडून आणून ओतला. काड्या म्हणून पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, काटक्या तासून ठेवलेल्या होत्याच. गूळ उकळला. खाली लागला. घरभर असा धूर झाला की रुखमाबाई खोकल्या, कोकिळा खोकली, आणि ओसरीवर शेषराव तर असे खोकले की रस्त्याने जाणाऱ्याने टोपी काढली.

"पाक झाला का?" कोकिळाने डोळे पुसत विचारलं.

"झाला असन." निवृत्तीने पळीभर पाण्यात थेंब टाकला. थेंब तळाला जाऊन पळीला चिकटला. त्याने नखाने काढून पाहिला, सुरीने काढून पाहिला. थेंब तिथेच. "चांगला घट्ट झाला!" तो म्हणाला. बिचाऱ्याला ते शुभचिन्ह वाटलं.

सफरचंदं बुडवली, ताटात उभी केली, आणि वाऱ्याला वाळावीत म्हणून ताट ओसरीवर, शेषरावांच्या बाजेच्या उशाशी नेऊन ठेवलं. ही दुसरी चूक. कालपासून पेजेवर असलेल्या माणसाच्या हाताशी काहीही ठेवू नये, मग ते दगड का असेनात.

पाहुणे आले. पुढे पुंजाजी, मागे देविदासचे मामा भगवानराव, त्यांच्या मागे देविदास, मान खाली घालून. देविदासला वडील नव्हते, त्यामुळे घरात मामांचा शब्द शेवटचा. पहिलाही त्यांचाच असे, आणि मधलेही. भगवानराव बोलायला लागले की बैलगाडी नांदुऱ्याहून निघून मलकापूर गाठी, पण वाक्याला मुक्काम येत नसे.

रस्त्यातच त्यांना कळलं होतं की मुलीचा बाप शेवटच्या घटका मोजतो आहे. निवृत्तीला वाटलं, संपलं. पण भगवानरावांचे डोळे पाणावलेले होते! ते थेट बाजेपाशी जाऊन बसले.

"शेषराव," ते म्हणाले, "चिंता करू नका. मरत्या मानसाची काळजी आमाले समजते. तुमच्या डोयादेखत कार्य उरकून टाकू. बाप गेला का वरीसभर थांबा लागते, आमाले थे परवडत नाई. पोरगी आमी पाहून घेऊ. तुमी फक्त तुमच्या तोंडानं एकडाव म्हना, का दिली!"

निवृत्तीचा श्वास परत आला. जमलं! न बघता जमलं! एक शब्द, फक्त एक शब्द बाबांनी बोलायचा.

शेषराव बोलले नाहीत.

"बोला ना बाबा!" निवृत्ती म्हणाला.

"ऊं," शेषराव म्हणाले.

"लाजू नका. म्हना, दिली!"

"ऊंऊं!" शेषरावांचे डोळे बाहेर आले. घोंगडी थरथरली. निवृत्तीने ताटाकडे पाहिलं. ताटात एक जागा रिकामी होती. आणि मग शेषरावांच्या ओठांच्या कोपऱ्यातून एक लाल, दाट, चकाकता ओघळ निघाला आणि सावकाश हनुवटीवर उतरला.

भगवानराव एका उडीत उंबऱ्यावर!

"रगत! क्षय हाय! पुंजाजी, तू मले क्षयाच्या घरी आनलं? चाल रे देविदास! पान्याले बी शिवू नको!"

"मामा, थांबा! थे रगत नाई!" निवृत्ती धावला. "गूळ हाय! हे पाहा, असं, हे सफरचंद, मी खाऊन दाखवतो!" आणि खात्री पटावी म्हणून त्याने ताटातलं सगळ्यात मोठं उचलून कचकन चावा घेतला.

दात आत गेले. तिथेच राहिले.

"ऊं," निवृत्ती म्हणाला. त्याच्याही हनुवटीवर लाल ओघळ आला.

"याले बी!" भगवानराव किंचाळले. "पसरते हाय बाप्पा, पसरते!"

सोजराबाईने तिथल्या तिथे गळा काढला. निवृत्ती काडी धरून ओढत होता, काडी मोडली. बोलता येईना. सांगता येईना. बहिणीचं लग्न त्याच्या समोर उंबरा ओलांडून चाललं होतं, आणि त्याच्या तोंडात ते थांबवायला लागणारे सगळे शब्द होते, फक्त दारालाच कुलूप होतं.

तेव्हा माजघराचा पडदा बाजूला झाला आणि कोकिळा बाहेर आली. नेसलेलं नवं लुगडं, नाकावर धुराची काजळी. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर न बोलावता मुलगी बाहेर येणं हे त्या गावात आधी कधी झालं नव्हतं, पण तोवर तिथे दुसरंही काही रीतीला धरून चाललं नव्हतं.

"माह्या बाबाईले क्षय नाई," ती म्हणाली. "त्याईले भूक लागली व्हती. अन् ह्या माह्या भावाले अक्कल नाई. थो रोग जुना हाय, पन लागट नाई."

देविदास खाली बघता बघता हसला.

"रगत का गूळ, थे मले समजते!" भगवानराव गरजले. "पन्नास पावसाळे पाह्यले मी!"

"मंग चाखून पाहा." तिने ताट पुढे केलं. "का भेव लागते?"

भगवानरावांना कोणी असं विचारलं नव्हतं. त्यांनी देविदासकडे पाहिलं, दारात जमलेल्या गावाकडे पाहिलं, मिशीवर हात फिरवला, आणि एक सफरचंद उचलून, माणूस सिंहाच्या तोंडात हात घालतो तसं आपलं तोंड त्यात घातलं.

त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग गोडवा, मग समज. त्यांना म्हणायचं होतं, गूळच आहे. ते म्हणाले, "ऊं."

ओसरीवर आता तिघे पुरुष एकमेकांकडे बघत ऊं ऊं करत होते. गाभण म्हशींच्या बाजारात इतकी चर्चा होत नाही.

पुंजाजी मध्यस्थ होता. त्याची सारी जिंदगी लोकांच्या शांततेतून होकार काढण्यात गेली होती. त्याने पटका सावरला. "मंग भगवानराव, पोरगी नापसंत असन तं सांगा. आत्ताच सांगा. मांगून बोलू नका."

"ऊंऊंऊं!" भगवानरावांनी दोन्ही हात हलवले. ते हो म्हणत होते की नाही, हे आजवर कोणाला कळलेलं नाही.

पुंजाजीने वाट पाहिली. मग देविदासकडे वळला. "काय मास्तर?"

देविदासने पहिल्यांदा मान वर केली. कोकिळाकडे पाहिलं. तिने नाकावरची काजळी पुसली नव्हती.

"आमचे मामा," तो अगदी मास्तरी आवाजात म्हणाला, "आजवर नाई म्हनाचं असलं तं कधी गप्प राह्यले नाईत. गप्प हायेत म्हनजे पसंत हाय. मले बी पसंत हाय."

"ऊं!" भगवानराव म्हणाले.

"पाहा!" पुंजाजी म्हणाला. "नारळ आना!"

रुखमाबाई नारळ घेऊन कधीच्या दाराआड उभ्या होत्या. नारळ फुटला, कुंकू लागलं, कोकिळाच्या ओटीत खण पडला. तोंड गोड करायला साखर नव्हती. पण ज्यांचं करायचं त्यांचं आधीच झालेलं होतं. मग कुठे कोणाला तेल कोमट करायचं सुचलं, आणि पुढे जे झालं नाही ते तुम्हाला सुरुवातीला सांगितलंच आहे. भगवानरावांचं तोंड सगळ्यात शेवटी, सगळे विधी आटोपल्यावर, मुद्दाम सावकाश उघडलं. देविदासने स्वतः तेल लावलं, पण बोट फार जपून फिरवलं.

तोंड उघडलं. निवृत्तीने डोळे मिटले. आता हे गृहस्थ काय बोलतात, यावर अजूनही सगळं होतं.

भगवानरावांनी जबडा डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला.

"साखर पाह्यजे व्हती," ते म्हणाले. "गुळात मजा नाई."

लग्न वैशाखात झालं. पंगतीला पोहेसुद्धा ठेवले होते, उगाच धोका नको म्हणून. कोकिळा नांदुऱ्याला सुखात आहे. निवृत्तीला घरी फळबाजाराचं नाव काढायला बंदी आहे, ती त्याने मुकाट पाळली आहे.

फक्त शेषरावांचं काही सुटलं नाही. गावाने त्यांना रक्त ओकताना डोळ्यांनी पाहिलं होतं. पोरीच्या लग्नासाठी ते दुखणं लपवून खोटं बोलतात, हे सगळ्यांना समजत होतं आणि सगळे त्यांना माफ करत होते. ते शेतात नांगर धरायला गेले तर लोक म्हणायचे, दिवा विझायच्या आधी असाच मोठा होतो. नूरबी रोज काढा आणायच्या, सोजराबाई पेज. पेज नाकारली तर अन्न जात नाही म्हणून रडायच्या. शेवटी शेषरावांनी निवृत्तीला समोर बसवून तालुक्याच्या साहेबांना अर्ज लिहून घेतला. तो असा:

"मेहेरबान साहेबांचे सेवेशी. अर्जदार शेषराव, राहणार धामणगाव बढे, धंदा शेती, सविनय सादर करतो की, अर्जदार हयात असून त्याची प्रकृती ठणठणीत आहे. सबब विनंती की, सदर बाब सरकारी दवंडीने गावात जाहीर करण्यात यावी. अर्जदारास पेज पाजण्यास सर्व ग्रामस्थांस कायमची मनाई करण्यात यावी. आणि ज्याअर्थी सफरचंद हे फळ आहे, त्याअर्थी ते निरोगी माणसाने एस.टी.तून उघड्यावर नेल्यास शेजारी बसलेल्या प्रवाशाने 'कोण पडलं?' असे न विचारण्याचा हुकूम, जिल्ह्यातील सर्व मावश्यांस लागू होईल अशा रीतीने, तातडीने काढण्यात यावा."